निम्मे सर

मुचंडीकर सर पुण्यात वारले. त्यांच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी बेळगावच्या कॅम्पातल्या आमच्या शाळेच्या ऑफिसात दाखल्यांवर शिक्के मारत बसले होते. बिचारी रडत रडत सांगत होती, "ताई, सोसायटीतले सगळे आले होते हो. फार लाडके होते सगळ्यांचे. कानडी आजोबा म्हणायचे त्यांना."

कानडी आजोबा! डोळ्यांत आलेलं पाणी तिथंच थांबलं आणि मला चक्क हसू फुटलं. समोरच्या शिपायाला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. त्याला काय सांगणार कप्पाळ? ज्यांनी जन्मभर बेळगावात मराठी शिकवलं, 'पाणी'चं 'पानी' केलं की ज्यांच्या कपाळाला आठी पडायची, ते आमचे सर पुण्यात जाऊन कानडी ठरले. आणि इथं बेळगावात, आमच्या शहापुरातल्या गल्लीत त्यांना निम्मा मराठी म्हणायचे. अख्खा मराठी म्हणून त्यांना कोणी कधी धरलंच नाही.

घरी येऊन आप्पांना सांगितलं. आप्पा म्हणजे माझे वडील. ते म्हणाले, "कानडी आजोबा? बरं झालं. तिथंबी निम्मेच ठरले म्हण की." एवढं बोलून उठले आणि सरांच्या बंद घरापुढच्या कट्ट्यावर जाऊन बसले. जेवायला बोलावलं तरी आले नाहीत.

आमच्या गल्लीत पार्सलवाला 'के. एम. मुचंडीकर' असा पत्ता घेऊन आला की लोक एकमेकांच्या तोंडाकडं बघायचे. मग कुणाला तरी उजेड पडायचा. "अरे, निम्मे सर न्हवं का! ते बघ, कट्ट्यावर बसलेत." सर मराठी शाळेत मराठीचे मास्तर. उंच, वाळलेले, मान जरा पुढं काढून चालणारे. शर्टाच्या खिशात पेनाबरोबर खडूचा तुकडा असायचाच, कारण शुद्धलेखनाच्या चुकीवरून पुढं जाणं त्यांना जमत नसे. कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्यानं पाटीवर 'ताजे दुध' असं लिहिलं होतं. सरांनी सायकल लावली, खडू काढला.

"सर, दूध तेच हाय की ओ," डेअरीवाला म्हणाला.

"दूध तेच हाय. पण तुझा उकार पातळ पडलाय. दीर्घ कर, जरा घट्ट होईल."

दुधाच्या पातळपणावरून गल्लीत आधीच कुजबुज होती, त्यामुळं त्या दिवशी डेअरीवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं. शेजारच्या दुकानाच्या कानडी पाटीवर सुटलेला काना सर तितक्याच मायेनं भरायचे. तिथंच आमच्या लोकांचं पित्त खवळायचं. मराठी सुधारा, पुण्य लागेल. कानडी सुधारायला तुमचं काय अडलंय?

सरांचं घर आणि आमचं घर यांच्यात एकच भिंत. त्या भिंतीपलीकडं सर संध्याकाळी गल्लीतल्या मराठी पोरांना फुकट कानडी शिकवत. मलाही जायचं होतं. आप्पांना कसं विचारायचं म्हणून मी चार दिवस घुटमळले. शेवटी त्यांनीच ओळखलं.

"जा, शिक जा," म्हणाले. "पण माझ्यासमोर त्यातला एक शब्द काढायचा न्हाय."

त्यांचाही दोष नव्हता. तरुणपणी सीमालढ्याच्या मोर्चात पोलिसांची लाठी हातावर बसली, तेव्हापासून उजव्या हाताची करंगळी वाकडीच राहिली. त्या करंगळीची शपथ घेतल्यासारखं त्यांनी कानडी तोंडात येऊ दिलं नाही. एकदा बसची पाटी कानडीत म्हणून वाचता आली नाही, आणि विचारायचं तर कानडीत विचारावं लागेल म्हणून विचारलं नाही. काकतीला निघालेला माणूस गोकाकला जाऊन पोचला. परत आल्यावर म्हणतात कसे, "गोकाकचा करदंट लई गोड, आणायचाच होता."

तर सरांचा वर्ग. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले आणि आमच्याकडून घोकून घेतले. नम्म मने, निम्म मने. वर त्यांची तळटीप असायची, "पुस्तकात मने, बोलताना मनी. परीक्षेत मने लिहा, बाजारात मनी म्हणा. उलटं केलंसा तर पेपरात नापास आणि बाजारात हसं." मने म्हणजे घर, एवढं मला कळलं. मी हात वर केला.

"सर, निम्मं घर म्हणजे भावाभावांत वाटणी झाली व्हय?"

सर इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अगं येडे, मराठीतलं निम्मं न्हवं हे. नम्म म्हणजे आमचं. निम्म म्हणजे तुमचं."

घरी जेवताना मी ही गंमत सांगितली. आप्पांनी घास तोंडाशी धरला आणि म्हणाले, "बराबर हाय की. तो मास्तर निम्मा मराठीच हाय." दुसऱ्या दिवशी सकाळी कट्ट्यावर चहाला गेले ते हाक मारतच, "काय ओ निम्मे सर!" झालं. आठवड्याभरात गल्लीनं मुचंडीकर आडनाव पुसून टाकलं. सरांना राग आला का? छे! ते आप्पांना म्हणाले, "आप्पा, कानडीत ह्याचा अर्थ काय होतो ठाऊक हाय न्हवं?"

"मला कानडी येत न्हाय."

"म्हणून तर एवढ्या प्रेमानं हाक मारायलाय."

चहाचा कप मात्र निम्मा घेत नसत. सुमनकाकू, म्हणजे सरांची बायको, साखरेच्या आजारामुळं त्यांना अर्धाच कप द्यायच्या, तर म्हणायचे, "अगं भरून दे. गल्लीनं निम्मा केलाय तेवढा बास हाय."

आता निम्मे का, ते सांगायला पाहिजे. बेळगाव महाराष्ट्रात जायला हवं, ह्यावर आमच्या गल्लीत दुमत नव्हतं. देवळात देव आहे तसं ते होतं. सर एकटेच उभे राहून म्हणायचे, "जायला पायजे होतं, व्हय. अन्याय झाला, त्येबी खरं. पण आता मी म्हणतो, हितंच ऱ्हाऊया. हितं ऱ्हाऊन मराठीसाठी भांडूया. तुम्ही मुंबईकडं बघत बसलाय आणि मागं मराठी शाळेचा पट घसरायलाय. शाळेला कुलूप लागल्यावर हद्द सरकून काय करायचं?"

"म्हणजे मागणं सोडायचं?" आप्पांचा आवाज चढायचा. "ज्यांनी लाठ्या खाल्ल्या ते येडे व्हय?"

"तसं म्हटलंय व्हय मी? तुमच्या करंगळीला माझा दंडवत हाय. पण पोरांना कानडी येत न्हाय म्हणून नोकरी न्हाय, आणि नोकरी न्हाय म्हणून पोरं पुण्याला जायलीत. अशानं बेळगावात मराठी बोलायला म्हातारेच उरतील बघा."

रोज सकाळी हे भांडण. बोर्डिंगची घंटा झाल्यासारखी मी त्याच्या आवाजानं उठायची. आणि भांडण संपलं की दोघं मिळून एकच पेपर वाचायचे, आतलं पान आप्पांना, बाहेरचं सरांना.

बरं, कानडीवाल्यांना तरी ते आपले वाटावेत! माझ्या एका दाखल्यासाठी आम्ही सरकारी कचेरीत गेलो होतो. मराठीत लिहिलेला अर्ज कारकुनानं बाजूला सारला. सर असं काही अस्सल कानडी बोलायला लागले, की आजूबाजूची माणसं कामं थांबवून ऐकायला लागली. मराठीत अर्ज घेता येतो, तो घ्यावा, एवढंच म्हणणं, पण ते अर्धा तास. कारकून शेवटी वैतागून कानडीत म्हणाला, "सर, तुम्ही तर आमचेच. मग हे मराठीचं लोढणं कशाला?" सर म्हणाले, "तुमचाच हाय, म्हणून तर हक्कानं भांडायलोय." अर्ज घेतला गेला. बाहेर आल्यावर सर मला म्हणाले, "बघितलंस? हितं मी लई मराठी आणि गल्लीत लई कानडी. माझं माप घेणारा शिंपीच जन्माला यायचाय." हसत म्हणाले, पण त्या दिवशी सायकल हातात धरून घरापर्यंत चालत आले.

एक नोव्हेंबरला कर्नाटक सरकार राज्योत्सव करतं आणि आम्ही मराठी माणसं काळा दिवस पाळतो. दंडाला काळी फीत लावून गल्लीतली सगळी फेरीला जातात. सर जात नसत. सुमनकाकू जायच्या! त्या निपाणीच्या, तंबाखूच्या वखारवाल्यांच्या घरातल्या, आप्पांपेक्षा कडक. पण दंडाला फीत एका हातानं बांधता येत नाही. मग सरच ती बांधून द्यायचे, नीट गाठ मारून, वर पदर सारखा करून. "फार आवळली न्हाय न्हवं?" असं विचारायचे. मी हे दरवर्षी खिडकीतून बघायची, आणि असा नवरा मिळावा असं मला वाटायचं. मिळाला नाही, ते राहू दे.

त्याच सकाळी पोरं फेरीचे फलक घेऊन सरांच्या कट्ट्यावर यायची. रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन सर तयार असायचे. एकानं 'अन्याया विरूद्ध' लिहिलं होतं. सर म्हणाले, "अरे, अन्यायाला विरुद्ध चिकटव की! तोडलंस कशाला? आणि रु ऱ्हस्व. चुकीच्या मराठीत मराठीसाठी भांडू नका रं, लाज जाईल." आप्पा बाजूला उभे राहून फुसफुसायचे, "सोता येणार न्हाय आणि वर चुका काढणार." पण फलक तपासल्याशिवाय फेरी निघायची नाही.

गल्ली त्यांचं एवढं सगळं खपवून घेत होती. मग ते वर्ष आलं.

मराठी पोरांना कानडी शिकवतात म्हणून एका कानडी मंडळानं त्यांचा सत्कार ठरवला, तोही नेमका राज्योत्सवाच्या दिवशी. दोघं गृहस्थ आमंत्रण घेऊन आले तेव्हा मी काकूंच्या स्वयंपाकघरात लाडू वळत होते. सरांनी त्यांना चहा दिला, पाया पडायला आलेल्या तरुणाला उठवलं आणि सरळ सांगितलं, "तुमचा मान मोठा हाय. पण त्या दिवशी माझी बायको दंडाला काळी फीत लावती. तिच्या दंडावर फीत आणि माझ्या गळ्यात हार, हे मला जमायचं न्हाय. दुसऱ्या कुठल्याबी दिवशी बोलवा, चालत येतो." ते समजून गेले. पण पत्रिका आधीच छापून झाल्या होत्या, आणि त्यात सरांचं नाव होतं.

गल्लीत पत्रिका पोचायला किती वेळ लागतो? त्या एक नोव्हेंबरला सर रंगाचा डबा उघडून, ब्रश भिजवून कट्ट्यावर बसले. एकही पोरगं आलं नाही. सगळे चुकीचे फलक समोरून गेले. सर नुसते वाचत राहिले. ब्रश वाळला.

"सर, सत्काराला न्हाय म्हटलंसा म्हणून सांगा की सगळ्यांना," मी म्हटलं.

"मंगल, आपल्या माणसांना पुरावा द्यायला लागला म्हणजे आपली माणसं कसली गं?" "मला वेगळं वाटतंय म्हणून मी वेगळा झालो व्हय?"

मला आप्पांचा असा राग आला होता म्हणून सांगू! त्यांचं कट्ट्यावर चहाला जायचं बंद. पेपर आमच्या घरी दुसरा सुरू झाला. भिंतीपलीकडं नम्म मने, निम्म मने सुरू झालं की आप्पा टीव्हीचा आवाज वाढवायचे. मग पोरं यायची कमी झाली आणि आवाज वाढवायचीही गरज उरली नाही.

सगळ्यात मोठा घाव शिवजयंतीला बसला. बेळगावची शिवजयंती म्हणजे चित्ररथ. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर सजीव देखावा, खरी माणसं, खऱ्या मिशा, लाऊडस्पीकरवर संवाद. आमच्या मंडळाचे संवाद पहिल्यापासून सरच लिहीत आणि सरच बसवत. पोरांची जीभ वळेपर्यंत सोडत नसत. त्यात त्यांचा जीव होता. त्या वर्षी मंडळानं संवाद एका तरुण वकिलाकडून लिहून घेतले. सरांना कोणी नको म्हणालं नाही, कोणी बोलावलंच नाही. तालमी त्यांच्याच घरासमोर चालायच्या आणि सर खिडकी लावून आत बसायचे. काकू माझ्या आईला म्हणाल्या, "आत बसून सगळ्यांची वाक्यं पुटपुटतात ओ. बघवत न्हाय."

आप्पांचं काम ठरलेलं. मिशा घरच्या, म्हणून गडाच्या दारावरचा म्हातारा पहारेकरी. सरांनी त्यांना एकच वाक्य दिलेलं असायचं. महाराज विचारणार, "बोल, तू कोणाचा माणूस?" आणि आप्पा छाती काढून म्हणणार, "तुमचाच, महाराज!" वकिलानं त्याच्या जागी आपल्या चरणांशी, एकनिष्ठ, पाईक, असलं काहीतरी लांबलचक घातलं होतं. आप्पा आठ दिवस अंघोळ करताना ते घोकत होते.

मिरवणुकीच्या संध्याकाळी ट्रॉली सजली, गल्लीत मुंगी शिरायला जागा नाही. पहिला प्रयोग आमच्याच दारात. सर कट्ट्यावर येऊन बसले होते, सगळ्यांपासून हातभर लांब. महाराजांनी विचारलं, "बोल, तू कोणाचा माणूस?"

आप्पांनी छाती काढली. तोंड उघडलं. "स्वामी... आपल्या..." आणि थांबले. पुढचं सगळं अंघोळीच्या पाण्याबरोबर वाहून गेलेलं. महाराजांनी परत विचारलं, "कोणाचा माणूस?" आप्पांच्या कपाळावरून घाम, मिशा खाली. लोकांत खसखस सुरू झाली. आप्पांचे डोळे सवयीनं कट्ट्याकडं वळले.

आणि कट्ट्यावरून खणखणीत आवाज आला, "निम्म!"

बुडत्याला काडी मिळावी तसं आप्पांनी ते पकडलं आणि माईकवर, सगळ्या शहापुराला ऐकू जाईल असं, ओरडले, "निम्म, महाराज!"

मग पहिल्यांदा हसला तो बंदोबस्ताचा कानडी पोलीस. मग महाराज हसले, दाढी धरून. मग गल्लीच्या गल्ली फुटली. ज्या माणसानं गोकाकला जाणं पत्करलं पण कानडी बोलला नाही, त्यानं गडाच्या दारात उभं राहून कानडी झोडलं होतं!

आप्पा ट्रॉलीवरून उतरले. भाला हातातच. लोकांनी वाट दिली, हसणं थांबलं. मला वाटलं, आता काहीतरी वाईट होणार. आप्पा कट्ट्यापाशी गेले आणि धपकन बसले.

"मास्तर, च्या सांगा."

"निम्मा?"

"अख्खा."

दाराशी उभ्या असलेल्या काकूंना राहवलं नाही. "भावजी, हे गेलेच नव्हते ओ त्या सत्काराला!"

"मला ठाऊक हाय," आप्पा म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी कळलंय."

"मग एवढे दिवस गप्प का बसलासा?"

"मास्तरनं सोताच्या तोंडानं सांगायला नको व्हय?"

"तुम्ही विचारायला नको व्हय?" सर म्हणाले, आणि त्यांना रडू फुटलं. भर गल्लीत, सगळ्यांसमोर. आप्पांनी भाला खाली ठेवला आणि त्यांच्या पाठीवरून वाकड्या करंगळीचा हात फिरवत राहिले. मी विचारलं तेव्हा सर शेवटपर्यंत म्हणायचे, "त्या वेळी मला मराठी शब्दच आठवला न्हाय गं." खोटं. साफ खोटं!

पुढच्या वर्षी संवाद परत सरांचे. मतं मात्र कुणीच बदलली नाहीत. आप्पा फेरीला जायचे, सर फीत बांधून द्यायचे, फलक तपासायचे, आणि सकाळी भांडण.

मग काकूंचे गुडघे गेले, सरांची छाती दुखायला लागली. मुलगा पुण्याला घेऊन जायचं म्हणून हटून बसला. निघायच्या वेळी काकूंच्या भाच्याचं निपाणीला लग्न होतं. तिथूनच पुढं जायचं ठरलं. आप्पा आणि मी लग्नाला गेलो आणि त्यांना पोचवायला निपाणीच्या स्टँडवर आलो. मुलानं पुण्याच्या गाडीची सीटं धरली होती. काकूंना त्यानं आत नेऊन बसवलं. सर खाली रेंगाळले.

"जन्मभर महाराष्ट्रात जायचं म्हणून आम्ही बोंबललो," आप्पा म्हणाले, "आणि तिकीट निघालं तुमचं!"

सर हसले नाहीत. "आप्पा, मला जायचं न्हाय ओ," म्हणाले. एवढंच. मग चष्मा सारखा करून गाडीत चढले आणि खिडकीशी बसले.

गाडी हलली. आप्पा दोन पावलं पुढं गेले. मला वाटलं, हात हलवतील. ते खिडकीबरोबर चालायला लागले आणि भर स्टँडवर ओरडले, "होगि बर्री, मास्तर! इदु निम्म मने!"

जाऊन या. हे तुमचं घर आहे. मी तोंडाला पदर लावला. भिंतीपलीकडचा वर्ग आप्पा इतकी वर्षं ऐकत होते, टीव्हीचा आवाज वाढवला तेव्हासुद्धा.

सरांनी मान खिडकीतून बाहेर काढली. गालावरून पाणी वाहत होतं, पण बोट वर केलेलं, वर्गात करायचे तसं.

"बोलताना मनी ओ, आप्पा! मनी!"

गाडी कोल्हापूरच्या दिशेनं हायवेला लागली. आप्पा बेळगावच्या बसमध्ये बसेपर्यंत तोंडातल्या तोंडात "मनी, मनी" म्हणत होते.